परदेशातल्या नातेवाइकाचा उपचार सोलापुरात : तिकीट काढण्याआधीपासून परत गेल्यानंतरपर्यंत

"तिकडं गुडघ्याचं किती घेतेत, जरा विचारून ठेव की," अक्काच्या एवढ्या एका वाक्याने आमच्या घरातल्या प्रकरणाची सुरुवात झाली. अक्का इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते आणि तिचा पासपोर्ट ब्रिटिश आहे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत गुडघेबदलासाठी तिचा नंबर लागायला बरेच महिने होते आणि खासगीत करून घेण्याइतका पैसा हाताशी नव्हता. मी सोलापुरातल्या दोन रुग्णालयांत फोन करून एक आकडा मिळवला आणि तिला कळवला. तिने त्याला पौंडाने भागून त्याच रात्री जाण्यायेण्याचे तिकीट काढले. यात आम्ही जवळजवळ सगळ्या गोष्टी उलट्या क्रमाने केल्या. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण वाचलेल्या पैशांपैकी बराचसा भाग तिकीट बदलण्यात, पुन्हा कराव्या लागलेल्या तपासण्यांत आणि धावपळीत गेला. शस्त्रक्रियेचा दर इथे कमी असतोच, त्यासाठी फारशी हुशारी लागत नाही. तो कमीपणा हिशेबाच्या शेवटापर्यंत टिकवायचा असेल, तर कागद, आठवडे आणि परतल्यानंतरचा डॉक्टर या तीन गोष्टी तिकिटाच्या आधी ठरल्या पाहिजेत. आखाती देश, ब्रिटन किंवा अमेरिकेत आपले माणूस असलेल्या सोलापूरकर कुटुंबांसाठी तो क्रम इथे मांडला आहे.

आधी ठरवायचे ते हे, की हा आजार प्रवासाला योग्य आहे का

ज्या उपचाराला आरंभ आणि शेवट आहे, ज्याची तारीख आपण ठरवू शकतो आणि ज्यानंतरची देखरेख काही आठवड्यांत संपते, त्याच उपचारासाठी एवढा प्रवास करावा. गुडघा किंवा खुबा बदलणे, मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातील खडे आणि दातांची मोठी कामे या प्रकारात मोडतात. सोलापूर हे केवळ आपल्या जिल्ह्याचे नव्हे, तर धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गी भागाचेही उपचाराचे गाव आहे. त्यामुळे या नेहमीच्या शस्त्रक्रियांना इथल्या शल्यचिकित्सकांचा हात सरावलेला असतो. शिवाय इथल्या वॉर्डात मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा चालतात. तीस वर्षे परदेशात काढलेली, शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागातली एखादी आजी भूल उतरताना तेलुगूच बोलू लागते, तेव्हा याची किंमत कळते.

कर्करोगाची गोष्ट वेगळी आहे. तिथे शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन आणि पुढची अनेक वर्षांची तपासणी ही एकच साखळी असते, आणि ती दोन देशांत तोडून वाटणे मला चुकीचे वाटते. संपूर्ण उपचार इथे करण्याइतके महिने हाताशी असतील तरच विचार करावा, आणि तेव्हाही मुंबईतल्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणचे दुसरे मत घ्यावे. अवयव प्रत्यारोपणाचा विचार तर स्वस्ताईसाठी करूच नये. 1994 च्या कायद्याने त्यावर कडक बंधने आहेत. घेणारा परदेशी नागरिक असेल तर जिवंत भारतीय दाता केवळ जवळचा नातेवाईकच असू शकतो, आणि प्रकरण प्राधिकार समितीपुढे जाते. "दाता आम्ही बघू" असे म्हणणारा कोणीही भेटला तर संभाषण तिथेच थांबवावे.

दातांच्या इम्प्लांटबाबत एक गैरसमज फार दिसतो. जबड्यात बसवलेला स्क्रू हाडाशी एकजीव व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात आणि त्यानंतरच बहुतेक वेळा वरचा कायमचा दात बसवतात. म्हणजे काम एकच, पण फेऱ्या दोन, आणि हिशेबात तिकिटेही दोन धरावी लागतात. दरवर्षी येणाऱ्यांना हे सहज जमते, पाच वर्षांतून एकदा येणाऱ्यांना जमत नाही.

कागद माणसाच्या आधी सोलापुरात आले पाहिजेत

रुग्ण येण्याच्या निदान दोन महिने आधी त्याची वैद्यकीय माहिती इथल्या डॉक्टरांच्या टेबलावर असली पाहिजे. एमआरआय किंवा सीटी स्कॅन केलेला असेल, तर त्याच्या फिल्मचा खिडकीला लावून काढलेला फोटो उपयोगाचा नाही. तपासणी केंद्राकडून डायकॉम स्वरूपातील, म्हणजे स्कॅनची मूळ संगणकीय फाइल मागावी, ती पेन ड्राइव्हवर किंवा लिंकने मिळते. गुडघ्यासाठी उभे राहून काढलेला एक्स-रे लागतो, झोपून काढलेल्यात सांध्यातली झीज कमी दिसते.

औषधांची यादी ब्रँडच्या नावाने नको, मूळ घटकाच्या नावाने, मात्रेसह हवी. तिथला ब्रँड इथे अनेकदा माहीत नसतो, आणि तेच ब्रँडनाव इथे भलत्याच औषधाला असू शकते. यादीत तीन गोष्टी आवर्जून असाव्यात. पहिली म्हणजे रक्त पातळ करणारी औषधे. दुसरी म्हणजे मधुमेहावरील डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या, ज्या शस्त्रक्रियेच्या साधारण तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात. तिसरी म्हणजे वजन किंवा साखर कमी करण्यासाठी आठवड्यातून एकदा घेतले जाणारे सेमाग्लुटाइडसारखे इंजेक्शन. हल्ली परदेशातून येणाऱ्या अनेकांना ते चालू असते आणि "ते काही औषध नाही, वजनाचं आहे" म्हणून सांगितलेच जात नाही. त्याने जठर उशिरा रिकामे होते. म्हणजे रात्रभर उपाशी असलेल्या माणसाच्याही पोटात अन्न उरलेले असू शकते आणि भूल देताना ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका राहतो. भूलतज्ज्ञाला ते आधी माहीत असलेच पाहिजे. यातले कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये, कधी थांबवायचे ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

याच काळात व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांशी एकदा बोलणे व्हावे आणि त्याची रीतसर फी भरावी. फुकटात ओळखीने पाच मिनिटे बोलून घेतलेला सल्ला कुठे लिहिलेला नसतो. शस्त्रक्रिया स्वतः कोण करणार, ती व्यक्ती त्या आठवड्यात गावात असणार का, या शस्त्रक्रिया ते महिन्याला साधारण किती करतात, रुग्णालयात अतिदक्षता विभाग आहे का, रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात पोहोचतो, हे प्रश्न विचारताना संकोच करू नये. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि ती नावावरून पडताळता येते. रुग्णालयाच्या भिंतीवर एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र असेल, तर ते पूर्ण मान्यतेचे आहे की प्रवेश पातळीचे, आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हे पाहावे. चौकटीत लावलेल्या कागदावरची तारीख कोणी वाचत नाही.

एस्टिमेट : फोनवरचा आकडा आणि शेवटचे बिल

मला फोनवर जो आकडा मिळाला होता तो खोटा नव्हता, तो अपुरा होता. "पॅकेज" या शब्दात काय येते आणि काय येत नाही, हे प्रत्येक रुग्णालयात वेगळे असते. म्हणून रुग्णालयाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह लेखी एस्टिमेट घ्यावे आणि ते समोर ठेवून पुढील गोष्टी एकेक करून विचाराव्यात. सर्जनची, साहाय्यकाची आणि भूलतज्ज्ञाची फी आत आहे की वेगळी? किती दिवसांचा मुक्काम धरला आहे, आणि एक दिवस वाढला तर किती? औषधे आणि शस्त्रक्रियेचे साहित्य पॅकेजमध्ये आहे की प्रत्यक्ष वापराप्रमाणे? रक्त द्यावे लागले तर? फिजिओथेरपी फक्त दाखल असेपर्यंत की घरी येऊनही? परदेशी नागरिकासाठी दर वेगळा आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण काही ठिकाणी तसा दर असतो आणि तो दाखल झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. रुग्णालयांनी आपले दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी जागी लावणे महाराष्ट्रात 2021 च्या नियमांनी बंधनकारक आहे. त्यामुळे दर विचारणे हा उद्धटपणा ठरत नाही.

कृत्रिम सांध्याची किंमत हा गुडघ्याच्या बिलातला सर्वांत मोठा स्वतंत्र तुकडा असतो. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट 2017 मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तेव्हा सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत जीएसटी वगळून 54,720 रुपये ठरली. पुढे या दरांत बदल होत गेले, म्हणून दाखल होण्याच्या महिन्यातला दर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहावा आणि एस्टिमेटमध्ये सांध्याची कंपनी, प्रकार आणि किंमत स्वतंत्र ओळीत लिहून घ्यावी. "इम्पोर्टेड टाकू" एवढ्यावर समाधान मानू नये. विक्रीस असलेले बरेचसे सांधे आयातच असतात, त्यामुळे त्या शब्दाने काहीच कळत नाही.

करांबाबत थोडक्यात असे, की उपचारसेवेवर जीएसटी नाही. मात्र जुलै 2022 पासून अतिदक्षता विभाग सोडून दिवसाला 5,000 रुपयांहून अधिक भाड्याच्या खोलीवर 5 टक्के कर आहे. परदेशातून येणाऱ्याला आपण कौतुकाने डीलक्स खोली घेतो. अनेक रुग्णालयांत खोलीच्या दर्जाप्रमाणे डॉक्टरांची फी आणि तपासण्यांचे दरही चढतात, त्यामुळे खोलीच्या भाड्यातला फरक वाटतो त्यापेक्षा बिलातला फरक बराच मोठा निघतो. साधी स्वतंत्र खोली पुरते.

लेखी एस्टिमेट हाती आल्यावर त्यात दोन्ही वेळचे विमानभाडे, सोबत येणाऱ्याचे भाडे, तिथे बुडणारा पगार, इथल्या आठ आठवड्यांचा खर्च, वॉकर आणि कमोडची उंच सीट, घरी येणारा फिजिओ, आणि अडचण आली तर उपयोगी पडावी म्हणून एस्टिमेटच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी शिल्लक मिळवावी. एवढे धरूनही परदेशातल्या खासगी दरापेक्षा रक्कम स्पष्टपणे कमी असेल तरच यावे. थोडीच कमी असेल, तर माझे मत असे, की येऊ नये.

पासपोर्ट, व्हिसा आणि घरमालकाची जबाबदारी

आखाती देशांत नोकरी करणाऱ्या बहुतेकांकडे भारतीय पासपोर्टच असतो, त्यांना हा भाग लागू नाही. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे कार्ड असलेल्यांनाही व्हिसा लागत नाही, आणि मुक्काम कितीही लांबला तरी त्यासाठी परकीय नागरिक नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावे लागत नाही. फक्त पासपोर्ट नवा निघाला असेल, तर ओसीआयच्या नोंदीत तो अद्ययावत आहे का, ते पाहावे. ज्याच्याकडे ओसीआय नाही अशा परदेशी नागरिकाने ठरवून केलेल्या उपचारासाठी पर्यटन व्हिसावर येऊ नये. ई-मेडिकल व्हिसा 60 दिवसांचा असतो, त्यावर तीन वेळा प्रवेश करता येतो आणि सोबतच्या दोन व्यक्तींना परिचर म्हणून वेगळा व्हिसा मिळतो. अर्जाला रुग्णालयाचे पत्र जोडावे लागते, आणि त्यातले रुग्णाचे नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगशी अक्षरशः जुळले पाहिजे. लग्नाआधीचे आणि नंतरचे नाव ही आपल्या बायकांच्या कागदपत्रांतली नेहमीची अडचण आहे.

परदेशी नागरिक आपल्या घरी राहिला, तर त्याच्या मुक्कामाची माहिती 24 तासांत ऑनलाइन देण्याची जबाबदारी घरमालकावर असते. सी फॉर्म म्हणून ती पूर्वीपासून ओळखली जाते. सख्खी बहीण आली तरी हे लागू होते. 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात परदेशी रुग्ण दाखल करून घेणाऱ्या रुग्णालयांवरही अशी माहिती देण्याची जबाबदारी आहे. शंका असल्यास पोलीस आयुक्तालयात जाऊन विचारावे.

पैसे कसे द्यायचे

2 लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एकाच प्रसंगाशी निगडित व्यवहारांत रोख स्वीकारायला 2017 पासून आयकर कायद्याने मनाई आहे. रुग्णालयात एकदा दाखल होणे म्हणजे एकच प्रसंग, त्यामुळे रोज थोडे थोडे रोख भरण्याची युक्ती त्यात बसत नाही. एनआरई किंवा एनआरओ या परदेशस्थ भारतीयांसाठीच्या बँक खात्यातून रुग्णालयाच्या खात्यात थेट रक्कम पाठवावी, आणि परदेशी कार्ड वापरायचेच असेल, तर त्याची दैनिक मर्यादा आधी वाढवून घ्यावी. परदेशी चलनी नोटा 5,000 डॉलरच्या मूल्याहून अधिक आणल्या, तर विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडे त्या घोषित कराव्या लागतात.

विम्यावर विसंबू नये. साधारण प्रवास विमा ठरवून केलेल्या उपचाराचा खर्च देत नाही, आणि त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीचाही बहुधा देत नाही. अमेरिकेतले मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, देशाबाहेरच्या उपचाराला जवळजवळ कधीच पैसे देत नाही. आखातातल्या काही कंपन्यांच्या विम्यात मात्र मायदेशी उपचाराची तरतूद असते, ती असल्यास मंजुरीचे पत्र आधी लेखी मागावे. भारतात वर्षानुवर्षे हप्ते भरून चालू ठेवलेला मेडिक्लेम ज्यांच्याकडे आहे, त्यांनी पूर्वीच्या आजाराची प्रतीक्षा मुदत संपली आहे का, ते पाहावे. 2024 पासून ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे.

तारीख, वाट आणि घर

परदेशातले लोक डिसेंबरच्या सुट्टीत येतात, आणि सगळेच येतात म्हणून डॉक्टरांच्या तारखाही तेव्हाच भरतात. हवेच्या दृष्टीने तो काळ उत्तम असतो, हे खरे. मात्र संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा असते आणि होम मैदानाकडचे रस्ते तुडुंब भरतात. त्या आठवड्यात शस्त्रक्रिया किंवा टाके काढण्याची तारीख शक्यतो घेऊ नये. एप्रिल-मेमध्ये पारा 42 अंशांच्या पुढे जातो. पायाला घट्ट मोजे आणि ड्रेसिंग असलेल्या माणसाला तो उन्हाळा सोसत नाही.

सोलापूरला यायचे म्हणजे मुंबई, असे आपण गृहीत धरतो. पण मुंबई इथून सुमारे 400 किलोमीटर आहे आणि हैदराबाद सुमारे 300, तेही सरळ महामार्गाने. आखाती देशांत आणि लंडनला हैदराबादहून थेट विमाने आहेत. मुंबईमार्गे यायचेच असेल, तर 2023 पासून वंदे भारत आहे आणि रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पूर्वीपासूनची आहे. शिवाय 2025 मध्ये होटगी रस्त्यावरच्या आपल्या विमानतळावरून गोवा आणि मुंबईची विमाने सुरू झाली. लांबच्या विमानप्रवासाने पायातल्या रक्तवाहिन्यांत गाठी होण्याची शक्यता वाढते. म्हणून उतरल्यावर निदान आठवडाभर जाऊ द्यावा आणि मगच शस्त्रक्रिया करावी. रक्त, लघवी, ईसीजी आणि भूलतज्ज्ञांची तपासणी त्याच आठवड्यात होते. सांधा बदलायचा असेल, तर दातही याच वेळी तपासून घ्यावेत. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतात.

घराची तयारी मात्र कोणी सांगत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तळमजल्यावरची खोली हवी, भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची हवी, आणि न्हाणीघरात धरायला भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा. टॉवेल वाळत घालायची सळई यासाठी चालत नाही, तिच्यावर वजन पडले की ती खिळ्यांसकट हातात येते. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते. रुग्ण घरी येण्याच्या दिवशी टाकी भरलेली असेल, हे पाहावे. घरातल्या सतरंज्या आणि पायपुसणी उचलून ठेवावीत, कारण वॉकरचा पाय त्यांच्यातच अडकतो. आणि भेटायला येणाऱ्यांना पहिले दहा दिवस नम्रपणे "नको" म्हणावे. परदेशातून आलेल्याला बघायला अख्खी गल्ली येते आणि बाहेरून जंतू घेऊन येते.

दाखल असताना

संमतीपत्रावर सही करण्याआधी ते पूर्ण वाचावे, समजणाऱ्या भाषेत समजावून मागावे आणि कोणता पाय हे त्यात लिहिलेले आहे ना, ते पाहावे. सर्जनने शस्त्रक्रियेच्या पायावर शाईने खूण करणे ही सर्वमान्य पद्धत आहे. ती रुग्ण जागा असतानाच करून घ्यावी. रोजच्या खर्चाचे तपशीलवार बिल दर दोन दिवसांनी मागावे, म्हणजे शेवटच्या दिवशी काउंटरवर उभे राहून हुज्जत घालावी लागत नाही. सोबतीला एकच जण ठरवावा आणि डॉक्टरांशी त्यानेच बोलावे. आमच्याकडे चार जण चार वेळा विचारत होते आणि घरी पाच उत्तरे येत होती.

डिस्चार्ज : सर्वांत घाईचा, म्हणून सर्वांत नुकसानीचा दिवस

अक्काला रविवारी घरी सोडले. बिल, एक पानाचे डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची पिशवी एवढे हातात आले. कृत्रिम सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यात एक चिकटपट्टी असते. तिच्यावर कंपनी, माप, संदर्भ क्रमांक आणि लॉट क्रमांक, म्हणजे उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक छापलेला असतो, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी ती रुग्णाच्या कागदांत चिकटवतात. ब्रिटनमध्ये सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिथे शस्त्रक्रिया झाली असती, तर हे आकडे तिच्यात गेले असते. इथे बसवलेल्या सांध्याची मात्र तीच पट्टी मुख्य ओळख. ती मिळवायला मी तीन फेऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी मूळ फाइल निघाली. शेवटच्या पानावर तिरक्या चिकटवलेल्या चार पट्ट्या होत्या, आणि त्यांतल्या एकीच्या लॉट क्रमांकावर कोणीतरी रुग्णालयाचा गोल जांभळा शिक्का ठोकलेला होता. शेवटचे दोन आकडे वाचताच येईनात.

तेव्हापासून मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, की डिस्चार्जची तारीख कळली की आदल्या दिवशी लेखी अर्ज द्यावा. त्यात शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत, भूलनोंद, सर्व तपासण्यांचे अहवाल, शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे एक्स-रे डायकॉममध्ये, जखमेतून नमुना घेतला असल्यास त्याचा अहवाल, पट्ट्यांची रंगीत प्रत आणि सांध्याच्या पुरवठादाराच्या बिलाची प्रत मागावी. मागणी केल्यापासून 72 तासांत वैद्यकीय कागदपत्रे देणे डॉक्टरांवर नियमाने बंधनकारक आहे. डिस्चार्ज कार्डावर औषधे मूळ घटकाच्या नावाने आणि तारखा शब्दांत लिहून घ्याव्यात. 4/3 म्हणजे 4 मार्च की 3 एप्रिल, हे अमेरिकेत आणि आपल्याकडे वेगवेगळे वाचले जाते.

परतीचे विमान

परतीचे तिकीट बदलता येण्याजोगेच घ्यावे, त्याचा जास्तीचा दर वाचवण्यात अर्थ नाही. केव्हा उडायचे हे शस्त्रक्रियेवर अवलंबून असते. सांधा बदलल्यावर लांबच्या विमानप्रवासासाठी किमान सहा आठवडे थांबायला बहुतेक सर्जन सांगतात, काही तीन महिनेही सांगतात. साध्या मोतीबिंदूनंतर विमान लवकर चालते, पण डोळ्याची तपासणी आणि थेंबांसाठी काही आठवडे इथेच राहावे. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत आत वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानात पाऊल ठेवू नये. उंचीवर हवेचा दाब कमी होताच तो बुडबुडा फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते. वरच्या जबड्यात सायनसजवळ काम झालेल्यांनीही दंतवैद्याकडून दिवस ठरवून घ्यावा.

विमान कंपनीला आधी कळवून मेडिफ हा प्रवासयोग्यतेचा वैद्यकीय अर्ज डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो का, ते विचारावे, आणि व्हीलचेअर व मोकळ्या पायाची जागा तेव्हाच नोंदवावी. मुंबईहून उडायचे असेल, तर इथून तिथल्या विमानतळापर्यंत सलग अनेक तास गुडघा दुमडून बसणे त्रासाचे असते. मोटारीने जाऊन मध्ये पुण्यात एक रात्र काढलेली बरी. विमानात दर तासाला उठून चालणे, पाणी पिणे, आणि डॉक्टरांनी सांगितले असतील तर घट्ट मोजे आणि रक्त पातळ करणारी गोळी हे सर्व चुकवू नये. पोटरी एकाच बाजूला सुजली, दुखू लागली किंवा धाप लागली, तर पोहोचल्यावर घरी न जाता थेट रुग्णालयात जावे.

गोळ्यांची पिशवी एकदा उघडून पाहावी. शस्त्रक्रियेनंतर दुखण्यासाठी आपल्याकडे ट्रामाडॉल सर्रास लिहून देतात, नसांच्या दुखण्यासाठी प्रेगाबालिन. संयुक्त अरब अमिरातीत ही दोन्ही आणि कोडीन नियंत्रित औषधे आहेत आणि परवानगीशिवाय बाळगल्यास अटक होऊ शकते. आखातात परतणाऱ्यांनी आणि दुबईत विमान बदलणाऱ्यांनीही डॉक्टरांना हे सांगून शक्यतो पर्यायी औषध लिहून घ्यावे.

तिथे पोहोचल्यावर आणि काही बिघडल्यास

तिथल्या डॉक्टरांना उपचार झाल्यावर कळवण्यापेक्षा निघण्याआधी सांगावे आणि परतल्यावर जखम, एक्स-रे आणि फिजिओ ते पाहतील का, हे विचारून घ्यावे. भारतातल्या रुग्णालयांत काही जंतू नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. त्यामुळे ब्रिटनसारख्या देशांत वर्षभरात परदेशी रुग्णालयात राहिलेला रुग्ण दाखल झाला, तर त्याची आधी जंतूंसाठी तपासणी होते. तिथे पुन्हा कधी दाखल व्हावे लागले, तर इथला मुक्काम लपवू नये. जखम लाल होणे, पाझरणे, ताप येणे यासाठी इथल्या सर्जनचा नंबर आणि जखमेचे आठवड्याचे फोटो हाताशी असावेत.

तक्रार करायची वेळ आलीच, तर पहिली पायरी रुग्णालयाच्या तक्रार कक्षाची, मग वैद्यक परिषदेची. नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग सोलापुरातच आहे. मुदत दोन वर्षांची असते आणि रुग्ण परदेशात असला तरी इथल्या नातेवाइकाला अधिकारपत्र देऊन काम चालवता येते. म्हणून जाण्यापूर्वी तसे अधिकारपत्र करून ठेवावे आणि सर्व बिलांच्या मूळ प्रती इथेच ठेवाव्यात.

आठ महिन्यांनी अक्काच्या गुडघ्याला थोडी सूज आली. घाबरण्यासारखे काही निघाले नाही, पण लेस्टरच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत लॉट क्रमांक विचारला. शिक्क्याखाली गेलेले दोन आकडे पुरवठादाराच्या बिलावर स्पष्ट छापलेले होते. ते बिल आमच्या देवघराखालच्या खणात होते. मी त्याचा फोटो काढून त्याच दुपारी तिला पाठवला.